एका धारेचं यंत्र

देपालपूरच्या बाजारातल्या कुठल्याही सलूनात गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की कारागीर नव्या पाकिटातून दुधारी ब्लेड काढतो. कागद न उलगडताच ते लांबीच्या बाजूने दुमडतो आणि टक् असा आवाज होऊन ब्लेडचे सरळ दोन तुकडे पडतात. एक तुकडा वस्तऱ्याच्या खाचेत बसतो, दुसरा कागदात गुंडाळून पुढच्या गिऱ्हाइकासाठी राहतो. दोन धारांचं ब्लेड विकत घेऊन ते एका धारेने वापरायची ही रीत देशभर इतकी रुळली आहे, की तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. पण एका धारेच्या सेफ्टी रेझरची गोष्ट सांगायची, तर माळव्यात ती याच अर्ध्या पात्यापासून सुरू करावी लागेल. जुना घ्यावा की नवा, या वादाचं उत्तर दांड्यात किंवा मुलाम्यात नाही, ते पात्यात आहे. हे मला इथेच पहिल्यांदा नीट कळलं.

देपालपूर इंदूरच्या वायव्येला सुमारे ४० किलोमीटरवर, होळकरांच्या जुन्या मुलुखातलं तहसिलीचं गाव. याच तहसिलीत मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाचं गौतमपुरा आहे. केस-दाढीचा व्यवसाय करणारा समाज इथे सेन म्हणवतो. संत सेना महाराज मराठी माणसाला अभंगांतून माहीत आहेत, आणि परंपरा त्यांना बांधवगडच्या राजाच्या पदरी सेवा करणारे मानते. म्हणजे माळव्यातला सेन कारागीर आणि पंढरीचा वारकरी एकाच संताचं नाव घेतात. या समाजाच्या धोकटीतला जुना वस्तरा दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर धार धरायचा आणि वर्षानुवर्षं चालायचा. नव्वदच्या दशकात एड्सविषयी जागृती झाली, तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं ही मागणी गावोगाव पोचली. धोकटीतला वस्तरा मागे पडला आणि अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला.

तरी तो सेफ्टी रेझर नव्हे. सेफ्टी रेझरमध्ये धारेच्या पुढे एक आड असते, दातेरी किंवा सरळ. ती कातडी ताणून धरते आणि धार किती आत जाईल ते ठरवते. वस्तऱ्यात ही आड नसते. तिथे ते काम कारागिराची बोटं करतात. म्हणून सलूनातली दाढी ही हाताची विद्या आहे, आणि घरी आरशासमोर ज्याला ती येत नाही त्याच्यासाठी यंत्र लागलं.

त्या यंत्राचा पहिला विचार फ्रान्समध्ये झाला. अठराव्या शतकात झाँ-झाक पेरे या चाकू-सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराने वस्तऱ्याला लाकडाची आड बसवली. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्सनने १८४७ मध्ये कुदळीसारख्या आकाराच्या रेझरचं पेटंट घेतलं. तोवर वस्तरा पातं आणि दांडा एकाच रेषेत धरून चालवायचा असे. हेन्सनने दांडा पात्याला काटकोनात लावला आणि आज आपण हातात धरतो ती ठेवण जन्माला आली. मग १८८० मध्ये न्यूयॉर्कमधल्या कॅम्फे बंधूंचं ‘स्टार’ आलं. त्यात वस्तऱ्याच्या पात्याचा एक आखूड तुकडा एका चौकटीत बसे, आणि साबणाचा फेस साठायला खाली छोटी पन्हळ असे. पातं एकाच धारेचं, घडवलेल्या पोलादाचं, पुन्हा पुन्हा पट्ट्यावर घासून वापरायचं. एकधारी सेफ्टी रेझरचं कुळ इथून सुरू होतं.

किंग कॅम्प जिलेटने हे पट्ट्यावर घासणंच बंद करायचं ठरवलं. पत्र्यातून कापलेलं, वापरून फेकून द्यायचं पातळ पातं. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते तयार करण्याची यंत्रं बसवली. १९०३ मध्ये जिलेटचे ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांच्या वर गेला. पातं पातळ म्हणून दोन्ही बाजूंना धार देता आली, पण ते पातळपण वाकवून, दोन पत्र्यांमध्ये दाबूनच ताठ करावं लागे. जिलेटच्या संचाची किंमत होती ५ डॉलर, आणि तेव्हाच्या कामगाराला ती थोडी नव्हती.

एकधारी कुळाने याला वेगळं उत्तर दिलं. जेम आणि एव्हर-रेडी या नाममुद्रांनी पातं फेकायचंच ठेवलं, पण जाड केलं आणि त्याच्या पाठीवर पन्हळीचा कणा घातला. एव्हर-रेडी रेझर १२ पात्यांसह १ डॉलरला मिळत असे. म्हणजे त्या काळात एका धारेचा रेझर साध्या माणसाचा होता आणि दोन धारांचा ऐपतवाल्याचा. आज ही वाटणी नेमकी उलटली आहे. दुधारी रेझर गल्लीतल्या दुकानात मिळतो आणि नव्या एकधारी रेझरसाठी शेकडो डॉलर मोजणारे लोक आहेत. हा बदल कसा झाला हे कळायला जेम हातात घेऊन पाहावा लागतो.

माझ्याजवळ जेमचा मायक्रोमॅटिक आहे, तीसच्या दशकात आलेल्या घडणीचा. पितळेचा, वर मुलामा, आणि दांड्याच्या तळाशी एक बोंडी. बोंडी फिरवली की डोक्यावरची झडप उघडते. पातं आत सरकवायचं आणि बोंडी उलट फिरवायची. झडप मिटता मिटता पात्याला पुढे ओढते आणि दोन बारीक अडसरांवर टेकवून घट्ट आवळते. सगळं काम एका बोंडीवर. देपालपूरच्या सलूनात मी तो दाखवला, तेव्हा कारागीर काकांनी ती झडप बराच वेळ उघड-मीट करून पाहिली. मग पाती कापणाऱ्या हाताने धारेच्या अडसरांवरून बोट फिरवलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘भिया, इसकी पत्ती कहाँ मिलती है?’’

मला वाटतं, जुन्या रेझरबद्दल जगात याहून नेमका प्रश्न कुणी विचारला नसेल.

हा रेझर वापरायची रीतही वेगळी. दुधारी रेझर आपण दांडा तिरका धरून, अंदाजाने कोन साधून चालवतो. मायक्रोमॅटिकचं सपाट डोकं गालावर जवळजवळ पालथं टेकवायचं. कोन यंत्राने आधीच ठरवून ठेवलेला असतो. आणि मग आवाज येतो. जाड पातं खुंट कापताना चुरचुर असा स्पष्ट आवाज करतं. कुठे साफ झालं आणि कुठे राहिलं हे कानाला कळतं. मला या रेझरची ही सर्वांत आवडती गोष्ट वाटते.

आवाजाचं कारण जाडीत आहे. साधं दुधारी पातं ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं. जेमचं पातं सुमारे ०.२३ मिलिमीटर, म्हणजे दुपटीहून जाड. त्यामुळे त्याला ताठ राहायला वाकवावं लागत नाही आणि राठ खुंटाला अडल्यावर धार थरथरत नाही. सलूनातलं अर्धं पातं मात्र मूळचं पातळ असतं आणि वाकवलेलंही नसतं. ते खाचेत सपाट दाबलं जातं आणि धार जराशीच बाहेर राहते. त्याची थरथर कारागिराच्या हलक्या हाताने आवरली जाते. ज्याचा हात तसा नाही, त्याच्यासाठी जाड पातं ही मोठी सोय आहे.

आता काकांच्या प्रश्नाकडे. जुन्या एकधारी रेझरांपैकी जे आज वापरात आहेत, ते त्यांचं पातं आजही बनतं म्हणून आहेत. जेमचं पातं अमेरिकेत अजून तयार होतं, आणि संग्राहक ज्याला ‘१९१२’ म्हणून ओळखतात त्या एव्हर-रेडी रेझरमध्येही ते बसतं. शंभराहून अधिक वर्षं एकच मोजमाप टिकलं, ही यंत्रांच्या जगात दुर्मीळ गोष्ट आहे. कर्नल जेकब शिक यांनी १९२६ च्या सुमाराला बाजारात आणलेला रेझर बंदुकीच्या काडतुसांच्या कल्पनेवर बेतलेला. त्याच्या पुढच्या घडणींत पात्यांची डबी रेझरला लावायची आणि किल्ली सरकवली की नवं पातं आत, जुनं बाहेर. ही पातीही आज मिळतात.

हेन्री गेसमनचा व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप तर आणखी पुढचा. त्याच्या डोक्यातूनच चामड्याचा पट्टा ओवून घ्यायचा, मागे-पुढे ओढायचा, पातं बाहेर न काढता धार लागे. १९३० मध्ये गेसमनची कंपनी आणि जिलेट एकत्र झाल्या आणि ऑटोस्ट्रॉप हळूहळू मावळला. पण त्याच्या आकाराचं पातं जपानच्या फेदर कंपनीने एफएचएस-१० या नावाने चालू ठेवलं. २०१५ मध्ये वनब्लेड नावाचा नवा रेझर अमेरिकेत आला, गालाबरोबर हलणारं डोकं असलेला आणि भलत्या किमतीचा. त्याने कुठलं पातं घेतलं? हेच एफएचएस-१०. म्हणजे एकविसाव्या शतकातलं सर्वांत महागड्यांपैकी एक यंत्र आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतल्या पात्यावर चालतं. टेक्ससमधल्या सप्लाय या छोट्या कंपनीनेही नवा रेझर काढताना शिकच्या डबीतलंच पातं निवडलं. नवं पातं घडवणं हे नवा दांडा घडवण्यापेक्षा कितीतरी कठीण आणि खर्चिक असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

आमच्या घरी आजोबांचा रोल्स रेझरही आहे. त्याला पुरवठ्याची चिंताच नाही. १९२७ च्या सुमारापासून लंडनच्या क्रिकलवुडमध्ये बनलेल्या या धातूच्या डबीच्या एका झाकणात धारेचा दगड आणि दुसऱ्यात चामडं असतं. आत दांडा मागे-पुढे सरकवला की पातं खडखड करत उलटसुलट होतं आणि धार धरतं. एकच पातं, पोकळ घासणीचं, आयुष्यभर. ज्या कंपनीने तो बनवला ती पुढे धुलाई यंत्रांच्या धंद्यात शिरली आणि १९६४ मध्ये बुडाली, पण डब्या अजून खडखडतात.

नव्या रेझरांच्या दुसऱ्या फळीची कथा मला फार जवळची वाटते, कारण ती सलूनातून निघते. फेदरने जपानी नाभिकांसाठी आर्टिस्ट क्लब नावाचा वस्तरा केला. त्यात बसणारं पातं मुळातच एका धारेचं, सुमारे पाव मिलिमीटर जाडीचं, कठीण पोलादाचं. ही पाती गुणाने इतकी चांगली निघाली, की सेफ्टी रेझर करणाऱ्यांनी ती उचलली. रेझोरॉकचा हॉक आणि ब्लॅकलँडचा व्हेक्टर या पात्यावर चालतात. आपल्याकडच्या कारागिराने दुधारी ब्लेड मोडून गरज भागवली. जपानमध्ये कारागिरासाठी वेगळं पातं घडवलं गेलं आणि तेच घरच्या यंत्रात आलं.

हे नवे रेझर संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर सबंध धातूच्या ठोकळ्यातून कोरून काढतात. एक नग आणि दुसरा नग यांच्यात फरक राहत नाही. जुना जेम साच्यात दाबलेल्या पितळी पत्र्याचा, त्यामुळे एकाच घडणीचे दोन रेझर वेगवेगळी दाढी करू शकतात. अडसर झिजले असतील तर धार एका बाजूला जास्त पुढे येते आणि तिथेच कापतं. नव्या रेझरची अचूकता खरी आहे. ती नाकारून जुन्याचं कौतुक करणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. पण नवे बरेचसे रेझर मोजक्याच कारखान्यांच्या पात्यावर उभे आहेत. ते पातं थांबलं तर इतका अचूक कोरलेला धातू नुसता ठेवून द्यावा लागेल. जेमच्या बाबतीत जाडजूड साधं पातं, झिजलेले अडसर, उडालेला मुलामा हे सगळं सांभाळून शंभर वर्षांचा पुरावा हातात आहे. मी जुन्याची बाजू घेतो ती या पुराव्यासाठी.

घ्यायचाच असेल तर मुलामा कमी आणि अडसर जास्त पाहावे. पातं बसवून समोरून उजेडाकडे धरावं. धार आडेला समांतर दिसली पाहिजे. साचलेला साबण कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने काढावा. राखेने किंवा घासणीने घासू नये, सोन्याचा मुलामा तर लगेच जातो. आणि एक सावधगिरी. रंग खरवडायला हार्डवेअरच्या दुकानात अगदी जेमसारखी दिसणारी कणा असलेली पाती मिळतात. ती चेहऱ्यासाठी घडवलेली नसतात, दाढीला कधीच वापरू नयेत.

देपालपुरात किंवा इंदुरात बसून ज्याला हे सुरू करायचं आहे, त्याने रेझर मागवण्याआधी पात्यांचं एक पाकीट मागवावं. ते आलं, पुन्हा मागवल्यावर पुन्हा आलं, तर मग त्या पात्याला बसेल असा जुना किंवा नवा कुठलाही रेझर खुशाल घ्यावा.