जोड लावणारे वस्ताद

2025 च्या ऑगस्टमध्ये बाळ कर्वे गेले. वय 95. मुंबई महापालिकेत अभियंता म्हणून त्यांनी उभी नोकरी केली, रंगभूमीवर किती भूमिका केल्या, पण महाराष्ट्राने निरोप दिला तो ‘चिमणराव’ मालिकेतल्या गुंड्याभाऊला. टीव्हीवरच्या विनोदी मालिकांवर लिहा, असा या अंकाच्या संपादकांचा आग्रह दोन वर्षांपासून होता आणि मी टाळत होतो. त्या दिवशी मात्र लिहायला बसलो.

आमच्या कोल्हापुरात कुस्तीचे मैदान भरवणाऱ्याची परीक्षा होते ती जोड लावण्यात. वजन, वय, दम, कोणाचा हात कुठल्या डावावर बसलाय, हे सगळे पारखून दोन मल्ल समोरासमोर आणायचे. जोड चुकली तर एक तर कुस्ती डोळ्याचे पाते लवायच्या आत निकाली होते, नाही तर अर्धा तास नुसती खडाखडी चालते आणि माणसे उठून घरी जातात. विनोदी मालिकेतली पात्रनिवड मला पहिल्यापासून याच कामासारखी वाटत आली आहे. पहिला मल्ल कोणालाही सापडतो. दुसरा हुडकायला वस्ताद लागतो.

मराठी पडद्यावरच्या चिमणरावाचा इतिहास दूरदर्शनच्या वरळीतल्या स्टुडिओपासून सुरू करायची काही अभ्यासकांना सवय झाली आहे. परिसंवादांतून मी याबद्दल भांडलो आहे आणि पुढेही भांडेन. चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊची जोड पहिल्यांदा लावली ती आमच्या मास्टर विनायकांनी. 1936 साली कोल्हापुरात हंस पिक्चर्स निघाली. तिथे ‘ब्रह्मचारी’, ‘ब्रँडीची बाटली’ झाले, आणि त्या तालमीत दामुअण्णा मालवणकर पडद्यावरचे विनोदी नट म्हणून तयार झाले. पुढे नवयुगच्या ‘लग्न पहावं करून’साठी 1940 साली विनायकांनी त्यांना चिमणराव केले आणि विष्णुपंत जोगांना गुंड्याभाऊ. 1942 च्या ‘सरकारी पाहुणे’मध्ये तीच जोडी पुन्हा आली. दामुअण्णांची ती तिरळी नजर! समोरच्याकडे बघतात की त्याच्या मागच्या भिंतीकडे, याचा पत्ता लागत नसे, आणि म्हणून शेजारी जोगांसारखा सरळ, ठाम माणूस हवा होता. विनायकांचा जन्म 19 जानेवारीचा, चिंविंचाही 19 जानेवारीचाच. एक 1906 चा, दुसरा 1892 चा. मला हा योगायोग फार आवडतो.

यात एक अवघड गाठ होती, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. चिंविंचा विनोद आहे तो चिमणरावाच्या सांगण्यात. बडोद्यात पालीचे अध्यापन करणाऱ्या या विद्वानाने सगळी फजिती चिमणरावाच्याच तोंडून वदवली. पुस्तकात तो वाचकाशी बोलतो. पडद्यावर वाचक नसतो. मग त्याने बोलायचे कोणाशी? गुंड्याभाऊशी. म्हणजे पडद्यावरचा गुंड्याभाऊ हा ऐकणारा आधी आणि सोटा घेतलेला पैलवान नंतर. ज्याला ऐकता येते असा नट मिळाला तरच चिमणराव उभा राहतो.

दूरदर्शनच्या विजया जोगळेकर-धुमाळे यांना हे नेमके कळले होते. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘चिमणराव’ मालिका उभी केली तेव्हा दिलीप प्रभावळकर तिशीत होते. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त चेटकीण झालेला हा नट देहाचा आणि आवाजाचा वाटेल तो आकार करू शकतो, हे नाटकवाल्यांना ठाऊक होते. त्यांच्यासमोर बाईंनी बाळ कर्व्यांना उभे केले, हे माझ्या मते मराठी टीव्हीवरचे सर्वांत शहाणपणाचे पाऊल. चित्र कृष्णधवल, जागा बेताची आणि नट पोटापाण्याच्या नोकऱ्या सांभाळून काम करणारे. तरी आजही त्या दोघांचे चेहरे आठवले की चाळीतला काळोखा जिना आठवतो.

आमच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता. मी ‘चिमणराव’ पाहिला तो दादरला मावशीकडे, शेजारच्या वीस-पंचवीस माणसांत, उंबरठ्यावर बसून. सगळे प्रभावळकरांकडे बघत होते. मी कर्व्यांकडे बघत होतो. चिमणराव बोलत असताना ते काहीच करत नव्हते. मिशी हलत नव्हती, हात हलत नव्हते. फक्त ऐकत होते, आणि चिमणरावाचे वाक्य संपता संपता त्यांच्या डोळ्यांत आधी शंका यायची, मग अभिमान यायचा. हसू फुटायचे ते तिथे. 1979 साली याच जोडीचा ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपट आला, तोही मी पाहिला, पण उंबरठ्यावरचा तो आनंद वेगळा होता.

हिंदीतले सगळ्यांना पाठ आहे. 1984 चे ‘ये जो है जिंदगी’, 1988 ची ‘वागळे की दुनिया’, 1995 चे ‘हम पाँच’, त्यात आपले अशोक सराफ. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. अमेरिकेतली एकच गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. 1951 च्या ‘आय लव्ह लूसी’मधल्या शेजारी जोडप्यासाठी ल्युसील बॉलच्या मनात होते ते दोन्ही नट दुसऱ्या कामांत अडकलेले होते. मग विल्यम फ्रॉली आणि व्हिव्हियन व्हान्स आले, आणि आज त्या शेजाऱ्यांशिवाय लूसीचे घर डोळ्यांपुढे येत नाही. दुसऱ्या माणसावाचून विनोद उभा राहत नाही, हे तिकडेही खरे ठरले.

आपल्याकडे हे पुन्हा जमले ते ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’त, 2001 साली, अल्फा मराठीवर. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वरून, केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनात. आता प्रभावळकर आबा झाले होते, आणि ऐकणारा एक नव्हे, चौघे होते. शेखर झालेले राजन भिसे, श्यामल झालेल्या शुभांगी गोखले, शलाका झालेली रेश्मा नाईक आणि शिऱ्या झालेला विकास कदम. जेवणाच्या टेबलाशी एकजण बोलला की उरलेल्यांचे चेहरे बघा. कोणी आपली पाळी यायची वाट बघत बसलेले नाही.

आज वाहिन्यांवर विनोद उदंड आहे आणि प्रहसनातले कलावंत गुणी आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पंधरा मिनिटांत पात्र जन्मते आणि मरते. आठवड्यामागून आठवडे सोबत वाढणारे माणूस राहिलेच नाही. आणि कोल्हापूर? कोल्हापूर आता पडद्यावर येते ते तांबड्या रश्शासाठी आणि ‘नाद खुळा’साठी. ज्या गावाने विनोदी नटांची पिढी घडवली, त्याचा नुसता हेल उसना घेतात, याचे मला मनापासून दुःख होते.

काही वर्षांपूर्वी एका वाहिनीकडे मी दोन मित्रांच्या मालिकेचे लिखाण घेऊन गेलो होतो. समोरच्या तरुणाने विचारले, “काका, मेन लीडला चेहरा कोण?” मी म्हणालो, आधी दुसरा ठरवू. तो म्हणाला, “त्याला कोणीही चालेल.” मी कागद गोळा केले आणि रात्रीच्या गाडीने परत आलो.

कारण मी स्वतः एकदा जोड लावली आहे. ऐंशीच्या दशकात हौशी मंडळींना घेऊन आम्ही चिमणरावाची एकांकिका बसवली, तालमी केशवराव भोसले नाट्यगृहात. चिमणराव दोन दिवसांत मिळाला, गुंड्याभाऊ महिनाभर मिळेना. नाट्यगृहाला लागूनच खासबाग मैदान. एका संध्याकाळी मैदानात वस्ताद एका पोराला ओरडत होते, आणि शेजारी उभा असलेला दुसरा एक मल्ल अंगाला लाल माती फासून, मान किंचित कलती करून ते सगळे असे ऐकत होता, की जणू बोलणी त्यालाच बसत होती. त्याने उभ्या आयुष्यात नाटक पाहिले नव्हते. मी त्याला हाताला धरून आत नेले.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह जळाले. सकाळी मी गेलो तेव्हा तो आधीच येऊन मैदानाच्या बाजूला उभा होता. केस पांढरे झालेले. मी बराच वेळ बोलत राहिलो, तालमीचे, पडद्याचे, कोण कुठे उभा राहायचा त्याचे. तो मान किंचित कलती करून ऐकत होता.