छतावर उत्तर लिहिलंय का?

फळ्यावर उदाहरण लिहिता लिहिता बाई मान न वळवता म्हणतात, "गण्या, डबा आत ठेव." बाईंच्या पाठीला डोळे आहेत, अशी वर्गाची खात्रीच पटते. जेकब कौनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून नेमकं हेच तपासलं. १९७० साली आलेल्या त्याच्या पुस्तकातला निष्कर्ष पंतोजींना पटला नसता: मुलं दंगा करू लागल्यावर शिक्षक कसा रागावतो, यावर शिस्त फारशी अवलंबून नसते. कोपऱ्यात काय शिजतंय ते सरांना ठाऊक आहे, हे मुलांना आधीपासून जाणवत राहावं लागतं. आपल्याकडच्या दोन शिक्षकी शाळांचा गाडा यावरच चालतो. गुरुजी दुसरीच्या मुलांजवळ खाली बसून वाचन घेतात आणि मधूनच चौथीच्या रांगेकडे नुसतं बघतात. तेवढ्यावर थांबलेल्या पेन्सिली पुन्हा चालू होतात.

पण ही नजर सगळीकडे सारखी फिरत नाही. ॲडम्स आणि बिडल या संशोधकांना त्याच सुमारास आढळलं, की शिक्षकाचा बहुतेक संवाद पुढच्या आणि मधल्या रांगेतल्या मुलांशीच होतो. कडेची आणि मागची मुलं वर्गात असून नसल्यासारखी. मुलांना गोलात बसवणं किंवा शिकवताना बाकांमधून फिरणं, हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय. साठ-सत्तर मुलं कोंबलेल्या वर्गात फिरायला वाट कुठून आणायची, हे मात्र कुठलंच प्रशिक्षण सांगत नाही.

आता खरी गफलत. प्रश्न विचारला की मूल वर बघतं, खिडकीबाहेर बघतं. लगेच टोमणा येतो, "छतावर उत्तर लिहिलंय का?" स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात ग्विनेथ डोहर्टी-स्नेडन यांनी यावर बरंच काम केलं. समोरच्याचा चेहरा वाचणं हेही मेंदूला कामच असतं. अवघड प्रश्न आला की मूल ते बाजूला ठेवून विचार करू लागतं. आठ वर्षांच्या मुलांना हे बऱ्यापैकी जमतं, पाच वर्षांच्यांना कमी. या लहानग्यांना विचार करताना नजर बाजूला वळवायला शिकवलं, तेव्हा त्यांची उत्तरं सुधारली! म्हणजे "माझ्याकडे बघून सांग" हा हुकूम उत्तराच्या मुळावरच येतो. आपल्याकडे तर आणखी पंचाईत. घरी "डोळे वर करून बोलतोस?" आणि शाळेत "खाली काय बघतोस?" पोराने बघावं तरी कुठे?

मेरी बड रो या संशोधिकेने प्रश्नानंतरची शांतता मोजली होती. शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत. तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबत आणि गप्प राहणारी मुलं कमी होत. मग प्रश्न विचारून त्या मुलावर डोळे रोखण्याऐवजी बाईंनी वर्गावरून एक नजर फिरवावी, तीन सेकंद सहज जातात. तेवढ्यात पहिल्या बाकावरून "बाई, मी सांगू? मी सांगू?" सुरू होणारच. त्यांना नुसता तळहात दाखवायचा.