राष्ट्रहिताची सूट: मालक सुटतो, रांग सुटत नाही

अमेरिकेतल्या मराठी अभियंत्यांच्या आणि संशोधकांच्या बोलण्यात एनआयडब्ल्यू हे नाव अलीकडे फार ऐकू येते. पूर्ण नाव नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, म्हणजे राष्ट्रहिताच्या कारणावरून दिलेली सूट. हिच्याविषयी दोन अगदी उलट समज एकाच वेळी पसरलेले दिसतात. काहींना वाटते, हा रस्ता नोबेलच्या तोडीच्या शास्त्रज्ञांसाठी आहे, आपल्यासारख्याने तिकडे फिरकू नये. काहींना वाटते, जादा फी भरली की पंचेचाळीस दिवसांत ग्रीन कार्ड हातात. पहिला समज लायक माणसाला घरी बसवतो, दुसरा त्याचा खिसा रिकामा करतो. ही सूट नक्की कशातून आहे, एवढे एक नीट पाहिले तर दोन्ही समज टिकत नाहीत.

नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डात ईबी-२ हा उच्चशिक्षितांचा वर्ग. त्याचा नेहमीचा मार्ग मालकाच्या हातात असतो. कंपनी आधी श्रम खात्याकडे पर्मचा अर्ज करते, जाहिराती देते, प्रचलित वेतनावर या जागेसाठी लायक आणि तयार असा अमेरिकी कामगार मिळाला नाही हे दाखवते. ते प्रमाणपत्र मिळाल्यावर इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे, आय-१४० हा अर्ज करते. १९९०च्या इमिग्रेशन कायद्याने यात एक खिडकी ठेवली: देशाच्या हिताचे असेल तर नोकरीच्या प्रस्तावाची अट, आणि तिच्याबरोबर पर्मचीही अट, माफ करता येते. मग अर्ज उमेदवार स्वतःच करू शकतो. माफी इथेच संपते. ईबी-२ ची पात्रता, वर्षाचा कोटा, देशनिहाय मर्यादा, वैद्यकीय तपासणी, पार्श्वभूमीची छाननी, यांतले काहीही माफ होत नाही.

आता पंचेचाळीस दिवसांचे. ३० जानेवारी २०२३ पासून एनआयडब्ल्यूच्या सगळ्या अर्जांना प्रीमियम प्रोसेसिंग मिळू लागले, आणि त्यात खात्याला पंचेचाळीस कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे लागते. हे उत्तर मंजुरीचे असेलच असे नाही. ते नकार असू शकते, किंवा आणखी पुरावे मागणारे आरएफईचे पत्रही असू शकते. मंजुरी आली तरी ती आय-१४०ची. ग्रीन कार्डासाठी पुढे व्हिसा क्रमांक लागतो, आणि भारतात जन्मलेल्यांचे घोडे तिथे अडते. नोकरीच्या सर्व वर्गांना मिळून वर्षाला साधारण १,४०,००० क्रमांक. त्यातले २८.६ टक्के, म्हणजे चाळीस हजारांहून थोडे अधिक, ईबी-२ ला. त्यातही एका देशाची मर्यादा सात टक्क्यांची. इतर देशांकडून काही उरले नाही, तर भारताच्या वाट्याला वर्षाला सुमारे २,८०० क्रमांक येतात, आणि नवरा, बायको, मुले सगळी त्यातच मोजली जातात. कोविडच्या काळात कौटुंबिक वर्गाचे न वापरलेले क्रमांक इकडे आले आणि २०२२च्या आर्थिक वर्षात नोकरीचा कोटा दोन लाख ऐंशी हजारांपर्यंत गेला. तरीही त्या सप्टेंबरच्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे रांग कुठवर आली ते दर महिन्याला सांगणाऱ्या पत्रकात, भारताची ईबी-२ तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंतच पोचली होती. पुढच्याच महिन्यात ती १ एप्रिल २०१२ वर परत आली. एनआयडब्ल्यू हा ईबी-२ चाच भाग असल्याने त्याला वेगळी खिडकी नाही. आज नव्याने अर्ज करणाऱ्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, आजचीच, आणि तो या रांगेच्या अगदी शेपटाला उभा राहतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की अमक्याला वर्ष-दीड वर्षात कार्ड मिळाले, मग हे कसे? बहुतेक वेळा उत्तर जन्मस्थानात असते. रांग ठरते ती जन्माच्या देशावरून, नागरिकत्वावरून नव्हे. नाशिकमध्ये जन्मून कॅनडाचा नागरिक झालेला माणूस भारताच्याच रांगेत राहतो. उलट आई-वडील आखाती देशात नोकरीला असताना मस्कतला जन्मलेला, पुण्यात वाढलेला, भारतीय पासपोर्टवर अमेरिकेला गेलेला अभियंता ओमानच्या कोट्यात मोजला जातो. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्याच्या देशाची रांगही धरता येते. ज्यांच्या घरात असा काही योग आहे त्यांच्यासाठी एनआयडब्ल्यू खरोखर वेगवान आहे. बाकीच्यांनी त्यांच्या अनुभवावरून आपले गणित मांडू नये.

आता पहिला समज, माणसाच्या थोरवीचा. इथे खात्याच्या अपील कार्यालयाचे दोन निर्णय पाहावे लागतात. १९९८चा निर्णय न्यूयॉर्क राज्याच्या वाहतूक विभागाने एका पूल-अभियंत्यासाठी केलेल्या अर्जावरचा. पुलांचे काम मोलाचे आहे, त्याचा लाभ राज्याबाहेरही जातो, हे मान्य झाले. तरी अर्ज फेटाळला गेला, कारण तेवढीच पात्रता असलेल्या अमेरिकी अभियंत्यापेक्षा हा माणूस राष्ट्रहित कितीतरी अधिक साधेल हे सिद्ध झाले नव्हते. पुढची अठरा वर्षे हीच कसोटी चालली, आणि 'फार मोठ्यांचा रस्ता' हा समज बहुधा त्याच काळातला. डिसेंबर २०१६ मध्ये धनसार प्रकरणाच्या निर्णयाने ती कसोटी बाजूला केली. अर्जदार हायपरसॉनिक वेगाच्या इंजिनांवर काम करणारा संशोधक आणि अध्यापक होता. त्याचा अर्ज आधी नाकारला गेला होता, अपिलात तो मंजूर झाला. तेव्हापासून तीन प्रश्न विचारले जातात. हाती घेतलेल्या कामाला खरे मोल आणि राष्ट्रीय महत्त्व आहे का? ते पुढे नेण्याच्या चांगल्या स्थितीत हा माणूस आहे का? आणि एकंदर तोलता नोकरीची व पर्मची अट माफ करणे अमेरिकेच्या फायद्याचे ठरेल का? पुरावा लागतो तो 'असण्याची शक्यता नसण्यापेक्षा अधिक' इतक्या पातळीचा. असामान्य प्रतिभेचा ईबी-१ए हा वर्ग वेगळा, त्याच्या कसोट्याही वेगळ्या.

धनसार निर्णयातला एक तपशील सल्लागारांच्या जाहिरातींत सहसा येत नाही. त्याच अर्जदाराने आपले अध्यापनाचे कामही पुढे ठेवले होते. विज्ञान-अभियांत्रिकी शिकवणे मोलाचे आहे, असे कार्यालयाने म्हटले, पण त्याचा परिणाम त्याच्या विद्यार्थ्यांपलीकडे, शिक्षणाच्या व्यापक क्षेत्रावर कसा होतो हे दिसत नाही म्हणून राष्ट्रीय महत्त्व मान्य केले नाही. माणूस तोच, पदव्या त्याच; एक काम निकषात बसले, एक बसले नाही. म्हणून 'मी एआयमध्ये आहे', 'मी सायबर सुरक्षेत आहे' हे वाक्य कितीही वजनदार वाटले तरी ते क्षेत्राचे वर्णन झाले. त्या क्षेत्रात तुम्ही नेमके काय करणार आणि ते तुमच्या कंपनीच्या, तुमच्या ग्राहकांच्या पलीकडे कुठे पोचणार, हे खात्याला हवे असते. 'या कामाला माणसे मिळत नाहीत' हा आवडता युक्तिवाद तर उलटण्याची शक्यता जास्त, कारण मनुष्यबळाच्या तुटवड्यासाठीच पर्मची व्यवस्था आहे. शिफारसपत्रांचेही तसेच. एकाच साच्यातली, विशेषणांनी भरलेली आठ पत्रे ठेवण्यापेक्षा तुमचे काम कुणी, कुठे, कसे वापरले हे सांगणारी दोन बरी, आणि त्यांच्या मागे कागदोपत्री पुरावा हवाच. शोधनिबंधांचा किंवा सायटेशनचा ठरलेला किमान आकडा कायद्यात नाही. निबंध एकही नसलेला उद्योजक पात्र ठरू शकतो, ढीगभर निबंध असलेला प्राध्यापक अपात्र.

पीएचडी लागतेच, हाही असाच समज. मास्टर्स, किंवा बॅचलर्सनंतर त्या क्षेत्रात चढत्या जबाबदारीचा पाच वर्षांचा अनुभव, एवढ्याने ईबी-२ चे दार उघडते. मात्र आपल्याकडची तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. एकटी सहसा अमेरिकी बॅचलर्सच्या बरोबरीची धरली जात नाही, चार वर्षांची बी.ई. धरली जाते. जानेवारी २०२५च्या मार्गदर्शक सूचनांनंतर ही पदवी आणि अनुभव प्रस्तावित कामाशी जुळतात का, हेही काटेकोरपणे पाहिले जाते. २०२२-२३ मध्ये अर्ज सैल हाताने मंजूर होत असत, ते दिवस गेले. २०२४ पासून मंजुरीचे प्रमाण बरेच खाली आले आहे. त्या काळातल्या यशोगाथा आजच्या अर्जाला पुरावा म्हणून चालत नाहीत.

मग भारतीयाने हा खटाटोप करायचाच कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर 'करूच नये' असे नाही. पर्मला अलीकडे वर्षाहून अधिक वेळ लागतो. त्या दरम्यान कंपनीने माणसे काढली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. एनआयडब्ल्यूचा अर्ज तुमचा असल्याने नोकरी गेल्याने तो आपोआप पडत नाही, फक्त प्रस्तावित काम पुढे चालू राहिले पाहिजे. मंजूर आय-१४० च्या बळावर एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सहा वर्षांच्या पुढे, एका वेळी तीन वर्षांपर्यंत वाढवता येतो. एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराला कामाचा परवाना मागता येतो, आणि कित्येक घरांत हाच खरा मोठा लाभ ठरतो. पोस्टडॉक करणाऱ्याला, स्वतःचा उद्योग काढणाऱ्याला पर्म करून देणारा मालकच नसतो. डॉक्टरांसाठी तर स्वतंत्र तरतूद आहे: वैद्यकीय सेवा अपुऱ्या असलेल्या भागात पाच वर्षे पूर्ण वेळ काम.

पण मंजूर आय-१४० म्हणजे राहण्याचा किंवा काम करण्याचा परवाना नव्हे. एच-१बी वरची नोकरी सुटली तर जास्तीत जास्त साठ दिवसांचीच सवलत, मग एनआयडब्ल्यू मंजूर असो वा नसो. एच-१बी वर असताना कायम राहण्याचा इरादा चालतो. विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसासाठी तो अडचणीचा ठरतो, आणि तुमच्या नावे इमिग्रेशनचा अर्ज कधी झाला आहे का, हे त्या व्हिसाच्या फॉर्मवर थेट विचारलेले असते. पुण्यात बसून एनआयडब्ल्यू करता येतो, शेवटची मुलाखत मुंबईच्या वकिलातीत होऊ शकते. तरी शिकायला किंवा फिरायला जायचे मनात असेल त्याने हा विचार आधी करावा.

पैशाने रांग ओलांडता येते हा समज तर आता सरकारनेच वाढवला. सप्टेंबर २०२५च्या आदेशाने आलेल्या गोल्ड कार्डात दहा लाख डॉलरची देणगी ही ईबी-१ व राष्ट्रहिताच्या सुटीसाठी पुरावा धरली जाते. पण संसदेने ठरवलेला कोटा आदेशाने वाढत नाही, त्यामुळे क्रमांक त्याच मर्यादेतून यावे लागतात. साध्या अर्जदाराची सरकारी फी त्यामानाने किरकोळ: आय-१४० चे ७१५ डॉलर, स्वतः अर्ज करणाऱ्याला आणखी ३००, आणि घाई असेल तर प्रीमियमचे तीन हजारांच्या आसपास. खरा खर्च वकिलाचा. मंजुरीची हमी देणारा वकील टाळावा, कारण निर्णय अधिकाऱ्याच्या हाती असतो. नकार आला तरी पुन्हा अर्ज करायला बंदी नाही. तोच अर्ज तसाच पाठवला तर मात्र उत्तरही बहुधा तेच येते.

ज्यांचा जुन्या कंपनीने केलेला आय-१४० मंजूर आहे, त्यांना एनआयडब्ल्यूचा सर्वाधिक उपयोग आहे. २०१५च्या पर्मची प्रायॉरिटी डेट, तो अर्ज फसवणूक किंवा गंभीर चुकीमुळे रद्द झाला नसेल तर, नव्या एनआयडब्ल्यूला लावता येते. जागा तीच राहते आणि अर्जापुरते मालकावरचे अवलंबित्व संपते. कंपनी सोडली असेल तरी त्या जुन्या मंजुरीच्या नोटिशीची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. जुनी तारीख मागताना तीच जोडावी लागते.