जुन्या निगेटिव्हची फिल्म ओळखणे

जुन्या निगेटिव्हची फिल्म ओळखणे म्हणजे कौटुंबिक संग्रहातील निगेटिव्ह कोणत्या आकाराच्या व कोणत्या द्रव्याच्या फिल्मवर आहे, हे तिची रुंदी, कडेची छिद्रे आणि छापील खुणा पाहून ठरवणे होय. छायाचित्राची कागदी प्रत ओल, वाळवी किंवा हाताळणीमुळे नष्ट झाली, तरी निगेटिव्ह शाबूत असल्यास नवी प्रत काढता येते. फिल्मचा प्रकार कळल्यास स्कॅनरमध्ये ती बसवण्याची योग्य चौकट निवडता येते, छायाचित्राच्या काळाचा अंदाज बांधता येतो आणि ती घरात ठेवणे सुरक्षित आहे की नाही, हेही समजते.

मोजमाप

प्रथम चित्राची नव्हे, तर फिल्मची एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची रुंदी मोजावी. एकाच रुंदीच्या फिल्मवर वेगवेगळे कॅमेरे वेगवेगळ्या आकारांची चित्रे घेत असल्याने केवळ चित्राच्या आकारावरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो. फिल्मचे क्रमांक ही मापे नसून उत्पादकाने दिलेली नावे आहेत.

प्रमुख प्रकार

• १२० : १९०१ पासून प्रचारात. रुंदी सुमारे ६१ मिमी, छिद्रे नाहीत. चित्रे बहुधा ६ × ४.५, ६ × ६ किंवा ६ × ९ सेंमी. भारतात लोकप्रिय ठरलेल्या ॲग्फा क्लिक ३ या कॅमेऱ्यात या फिल्मच्या एका रिळावर १२ चौरस चित्रे येत.
• ६२० : १९३० च्या दशकाच्या आरंभी प्रचारात. फिल्मची रुंदी १२० इतकीच, फक्त रीळ निराळे. त्यामुळे धुतलेल्या निगेटिव्हच्या रुंदीवरून या दोहोंत भेद करता येत नाही. स्कॅनिंगसाठी दोहोंना एकच चौकट चालते.
• १२७ : १९१२ पासून. रुंदी सुमारे ४६ मिमी, छिद्रे नाहीत.
• १३५ : या नावाने १९३४ पासून. रुंदी ३५ मिमी, दोन्ही कडांना छिद्रे. नेहमीचे चित्र २४ × ३६ मिमी.
• १२६ : १९६३ पासून. रुंदी ३५ मिमीच, परंतु चित्र चौरस असून प्रत्येक चित्रामागे एकाच कडेला एक छिद्र.
• ११० : १९७२ पासून. रुंदी १६ मिमी, चित्र १३ × १७ मिमी.

कडेवरील खुणा

फिल्मच्या कडेवर चित्रांचे क्रमांक, उत्पादकाचे नाव आणि काही वेळा 'सेफ्टी' हा शब्द रोमन लिपीत आढळतो. या खुणांवरून काळाची पूर्वमर्यादा ठरते. उदाहरणार्थ, उदगमंडलम येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली. तिचे 'इंदू' हे नाव असलेली निगेटिव्ह त्यापूर्वीची असू शकत नाही.

द्रव्य आणि सुरक्षितता

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक फिल्म सेल्युलोज नायट्रेटच्या होत्या. हे द्रव्य अतिशय ज्वलनशील असून ते जळताना स्वतःच ऑक्सिजन पुरवते, म्हणून त्याची आग विझवणे कठीण असते. चित्रपटांची जुनी रिळेही याच द्रव्याची असत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या आवारातील साठवणगृहाला आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील अनेक दुर्मीळ नायट्रेट फिल्म नष्ट झाल्या.

नायट्रेट फिल्मचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या आरंभी जवळजवळ थांबले. त्यामुळे १२६ आणि ११० या प्रकारांत हा धोका नाही. मात्र १२०, ६२०, १२७ आणि १३५ या प्रकारांतील त्यापूर्वीच्या निगेटिव्हवर 'सेफ्टी' ही खूण नसल्यास त्या नायट्रेटच्या असू शकतात, असे धरून चालावे. पिवळट-तपकिरी रंग आणि चिकटपणा ही नायट्रेट कुजण्याची लक्षणे आहेत. फिल्मचा तुकडा जाळून परीक्षा घेणे धोकादायक आहे.

सुरक्षित मानलेली ॲसिटेट फिल्मही ओलावा व उष्णतेने कुजते. तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि ती आक्रसते. अशी निगेटिव्ह इतरांपासून वेगळी करावी, कारण तिच्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शेजारच्या फिल्मही बिघडतात.

जतन

निगेटिव्ह कडेने धरावी आणि आम्लरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या व थंड जागी ठेवावी. पाकिटावर फिल्मचा प्रकार, प्रसंग, ठिकाण आणि व्यक्तींची नावे लिहावीत. फिल्मवरून काळाचा अंदाज येतो, परंतु चित्रातील माणसे कोण, हे सांगू शकणारे वडीलधारे हयात असतानाच ती नोंद करणे आवश्यक असते.