माहितीची साठवण : सोय कोणाची, जोखीम कोणाची?

‘पायटॉर्च’ या साधनसंचाची २.६ ही आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे घडविण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या या साधनात तेव्हा एक बदल झाला. साठवून ठेवलेले प्रारूप पुन्हा उघडताना, वापरणाऱ्याने मुद्दाम निराळे सांगितले नाही तर, आकड्यांची कोष्टके व तत्सम साधी सामग्रीच स्वीकारली जाईल, असे ठरले. याचा अर्थ, तोपर्यंत आणखीही काही मुकाट्याने स्वीकारले जात होते. ते काय होते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. पाहणी, हिशेब वा संशोधनाची माहिती संगणकात साठविणाऱ्या प्रत्येक संस्थेचा तो आहे.

आज्ञावली चालू असते तेव्हा तिची माहिती संगणकाच्या स्मृतीत विखुरलेली असते. एका यादीत दुसऱ्या यादीचा केवळ पत्ता असतो, आणि आज्ञावली थांबली की ते सारे पत्ते निरर्थक होतात. माहिती उद्यासाठी ठेवायची तर ही गुंतागुंत सोडवून ती एकसर ओळीत मांडावी लागते. यालाच सीरियलायझेशन म्हणतात. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या पायथन या भाषेत हे काम करणाऱ्या साधनाचे नाव ‘पिकल’, म्हणजे चक्क लोणचे, असे आहे. नाव ठेवणाऱ्याने मराठी घरातील बरणी पाहिली नसावी. दादरा सोडून काढलेली फोड मुरलेली असते. ती पुन्हा कैरी होत नाही. पिकलचे आश्वासन मात्र नेमके उलट आहे : जे आत घातले तेच, होते त्या रूपात, बाहेर येईल. आणि हे सारे एका आज्ञेत!

ही सोय खरी आहे. तिची किंमत मात्र सहजासहजी दिसत नाही. पिकलच्या फाइलीत साधी माहिती नसते; ती पुन्हा कशी उभारायची याच्या सूचनांची मालिका असते. फाइल उघडणे म्हणजे त्या सूचना अमलात आणणे. अमुक नावाची क्रिया बोलावून ती पार पाड, अशीही सूचना त्यांत असू शकते. फाइल दुष्ट हेतूने रचलेली असेल, तर उघडणाऱ्याच्या संगणकावरील फाइली पुसण्याचे कामही ती त्याच्याच हातून करवून घेईल. हे कोणी दडवून ठेवलेले नाही. पिकल सुरक्षित नाही आणि विश्वासाच्या ठिकाणाहून आलेली फाइलच उघडावी, असा इशारा पायथनच्या अधिकृत माहितीपत्रात ठळकपणे दिलेला आहे. परंतु प्रारूपांची देवघेव अनोळखी लोकांत सुरू झाली, तेव्हा या इशाऱ्याचे मोल कागदावरच राहिले.

दुसरी अडचण दुष्टाव्याची नाही, काळाची आहे. आज्ञावलीकाराने स्वतः घडविलेला एखादा वर्ग पिकल केला, तर त्याची व्याख्या फाइलीत जात नाही. जाते ते केवळ नाव आणि ते कोठे सापडेल याचा पत्ता. चार वर्षांनी कोणी ती आज्ञावली नीटनेटकी करताना नाव बदलले की जुनी बरणी उघडत नाही. पायथनची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून निराधार झाली. त्या आवृत्तीत साध्या मजकुराच्या रूपात पिकल केलेली मराठी नावे तिसऱ्या आवृत्तीत नेहमीच्या पद्धतीने उघडू गेल्यास चूक दाखवून काम थांबते. मजकूर जुन्या इंग्रजी संकेतातला आहे असे गृहीत धरले जाते, हे त्याचे कारण. खरा संकेत कोणता हे सांगितले, तर नावे सुखरूप बाहेर येतात. पण ते सांगणारा माणूस तोवर संस्थेत असावा लागतो.

संकेतस्थळांसाठी प्रचलित असलेल्या पीएचपी या भाषेची स्वतःची पद्धत वेगळी, आणि तिचा हिसका देवनागरीला अधिक बसतो. तीत प्रत्येक शब्दाआधी त्याची लांबी लिहिलेली असते, आणि ही लांबी अक्षरांत नव्हे, बाइटांत मोजली जाते. युनिकोडच्या रूढ यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘बॉम्बे’ची चिन्हे सहा, म्हणून लांबी १८, ‘मुंबई’ची पाच, म्हणून १५. साठवलेल्या मजकुरात कोणी थेट शोधून-बदलून ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ केले, तर आकडा १८ च राहतो आणि ते एकच नाव नव्हे, सबंध नोंद वाचण्यास पीएचपी नकार देते. गंमत अशी की रोमन लिपीत ही दोन्ही नावे सहा-सहा अक्षरांची आहेत. तेथे हा बदल बिनबोभाट पार पडला असता.

तेव्हा पर्याय उरतो साध्या, उघड मजकुराचा. जावास्क्रिप्टच्या लेखनपद्धतीतून डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे आणलेली ‘जेसन’ ही मांडणी २०१३ मध्ये प्रमाणित झाली. ती पीएचपीत २००६ पासून आणि पायथनमध्ये २००८ पासून अंगभूत आहे. तीत सूचना नसतात, केवळ माहिती असते. कोणत्याही भाषेला ती वाचता येते, आणि साध्या संपादकात उघडली तर माणसालाही.

तथापि तीही निर्दोष आहे असे मानण्याचे कारण नाही. तारीख हा प्रकारच तिला ठाऊक नाही. रुपये-पैशांच्या काटेकोर हिशेबासाठी पायथनमध्ये असलेला दशमान प्रकार ती आपण होऊन स्वीकारत नाही. पाहणीत एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न नोंदवायचे राहिले असेल, तर त्या रिकाम्या जागी पायथन ‘ही संख्या नव्हे’ अशा अर्थाची खूण लिहून मोकळे होते. ती खूण प्रमाणात बसत नाही, आणि नियम काटेकोर पाळणारा दुसरा वाचक सबंध फाइल परत करतो. शिवाय पायथन आपल्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ‘पुणे’ हा शब्द चार सांकेतिक आकड्यांच्या रूपात लिहितो; तो जसाच्या तसा लिहावा असे वेगळे सांगावे लागते. तारखा ठरावीक नमुन्यात लिहिणे, रकमा मजकूर म्हणून ठेवणे, उणी नोंद कशी दाखवायची हे आधीच ठरविणे, हे सारे कष्ट जेसन वापरणाऱ्याच्या माथी येतात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता प्रश्न याच कष्टांचा आहे. पिकलमध्ये ते वाचतात, परंतु नाहीसे होत नाहीत. ते पुढच्या माणसाकडे ढकलले जातात. साठवणारा एका ओळीत मोकळा होतो. पाच वर्षांनी तीच पाहणी नव्याने तपासू पाहणारा विद्यार्थी, किंवा बदलून आलेला कर्मचारी, त्याचे देणे फेडतो. निर्णय घेणारा एक आणि भुर्दंड सोसणारा दुसरा असेल, तर निर्णय चुकीचा होण्याचीच शक्यता अधिक. म्हणून हा निर्णय साठवणाऱ्याच्या मर्जीवर सोडता कामा नये. काही तासांच्या कामापुरती, त्याच यंत्रावरची तात्पुरती साठवण पिकलमध्ये असण्यास हरकत नाही. परंतु सार्वजनिक पैशातून जमविलेली माहिती ताब्यात घेताना विद्यापीठांनी आणि खात्यांनी ती उघड मांडणीतच मागावी. सोबत प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक आणि उण्या नोंदीची खूण सांगणारे एक पान मराठीत वा इंग्रजीत घ्यावे आणि त्यानंतरच शेवटचा हप्ता चुकता करावा.