गाडी कुठे आहे, हेच संगणकाला कळेना

हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठी एकेक मिनिट मोलाचे असते. लंडनमध्ये १९९२ सालीही रुग्णवाहिकेसाठी फोन आला की नियंत्रण कक्षातील कर्मचारी पत्ता कागदावर लिहून घेत आणि तो कागद सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाई. यात वेळ जाई, म्हणून २६ ऑक्टोबरला अख्ख्या शहराचे काम एका झटक्यात संगणकावर आणले गेले.

जवळची मोकळी गाडी संगणकाने शोधायची, ही कल्पना चांगलीच. पण त्यासाठी प्रत्येक गाडी कुठे आहे, हे त्याला अचूक कळायला हवे. गाडीतल्या माणसाने चुकीचे बटण दाबले किंवा रेडिओवरचा संदेश पोहोचला नाही, की सगळे गणित बिघडे. मग एका ठिकाणी दोन गाड्या, दुसरीकडे एकही नाही. वाट पाहून लोक पुन्हा फोन करत, भार आणखी वाढे. सूचना इतक्या साचल्या, की न वाचलेल्याही पडद्यावरून वर सरकून दिसेनाशा झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बरेचसे काम पुन्हा हाताने सुरू झाले.

४ नोव्हेंबरच्या पहाटे यंत्रणा बंदच पडली. चुकून राहिलेला कोडचा एक तुकडा सर्व्हरची मेमरी थोडी थोडी अडवत होता. पर्यायी सर्व्हर होता; तोही वेळेला कामी आला नाही.

चौकशी अहवालाने बोट ठेवले ते घाईच्या मुदतीवर, अपुऱ्या प्रशिक्षणावर आणि कर्मचाऱ्यांच्या अविश्वासावर. पुढची यंत्रणा १९९६ साली आली, ती मात्र टप्प्याटप्प्याने आणि वापरणाऱ्यांना विचारून.