आधी मळणी, मग घाई

ऑक्टोबरची सकाळ. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनच्या ढिगातून मूठभर दाणे उचलले जातात. एखादा दाताखाली फुटतो, बाकीचे मीटरच्या वाटीत पडतात. ‘हवा सोळा!’ बाजाराच्या बोलीत हवा म्हणजे ओलावा. प्रक्रिया कारखान्यांची मागणी ‘१०-२-२’ची: ओलावा १० टक्के, काडीकचरा २, डागी दाणे २. त्यापुढे भाव उतरत जातो. आपल्या मालात किती हवा आहे, हे शेतकऱ्याला बहुधा इथेच पहिल्यांदा कळतं.

शेतकरी नवं तंत्र घेत नाही, असं मात्र नाही. मळणी यंत्र त्याने कुणी न सांगता स्वीकारलं. मजूर मिळेनात, परतीचा पाऊस डोक्यावर, गंजी ताडपत्रीखाली. अशा वेळी कट्ट्यामागे पैसे मोजून रान एका दिवसात मोकळं होत असेल, तर अनुदानाची वाट कोण बघणार?

वाळवणीचं गणित इतकं सरळ नाही. १८ टक्के ओलाव्याचं दहा क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांवर आणलं, की वजन ९ क्विंटल ३२ किलो भरतं. डोळ्यांसमोर ६८ किलो गेले! २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. त्या दराने वाळलेल्या मालाचे सुमारे ४९,६५० रुपये होतात. म्हणजे ओल्या मालाला क्विंटलमागे ४,९६५ पेक्षा कमी मिळत असतील, तर वाळवणं परवडतं. पण त्यासाठी खळं हवं, ऊन हवं, राखण हवी. शिवाय हमीभाव केंद्रावर नोंदणी करायची आणि पैशांची वाट बघायची. तिथली ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. ओल्या हंगामामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारला ती १५ पर्यंत सैल करावी लागली होती.

वाट बघायला हाताशी पैसा लागतो. सुगीतच दुकानदाराची उधारी, हरभऱ्याचं बियाणं आणि दिवाळी एकदम दारात येतात. यासाठीच पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिने, व्याज ६ टक्के. ज्याच्याकडे आठच कट्टे आहेत, त्याला मात्र गाडीभाडं आणि हेलपाटेच जड जातात.

कधी अडचण पैशांची नसते, कुणाचा फायदा कशात आहे याची असते. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ. बियाण्यासाठी मळणी करताना ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० ठेवा, असं कृषी विभाग सांगतो. यंत्रवाल्याची कमाई कट्ट्यांवर. तो वेग कशाला कमी करेल? फटका दिसत नाही. जूनच्या तोंडावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या शंभर दाण्यांपैकी सत्तरही उगवत नाहीत, तेव्हा तो कळतो.

म्हणून एकट्याने न परवडणारी साधनं गटात लवकर रुजतात. दाणे निवडणाऱ्या स्पायरल सेपरेटरला वीजही लागत नाही: गोल दाणा वेगाने घरंगळत बाहेरच्या कडेला जातो, चपटा, सुरकुतलेला आत रेंगाळतो. ओलावा मोजायचा मीटरही दहा जणांत एक पुरतो. पोतं गाडीत चढण्याआधी आकडा वहीत लिहिलेला असला आणि आडतीवर वेगळा निघाला, तर हिशेबाची पट्टी फाडण्याआधी शेतकरी म्हणू शकतो, ‘पुन्हा मोजा.’